ऊर्जा एकदाच येते: उसाचे पाचट आणि परिसंस्थेचा नियम



हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव ऊस आणि हळदीच्या पट्ट्यात वसलेले आहे. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर धरणांच्या पाण्यामुळे या भागात ऊस रुजला. ऊसतोड संपली की फडात वाळलेल्या पानांचा, म्हणजे पाचटाचा, थर उरतो. एक काडी ओढली की काही मिनिटांत शेत मोकळे होते. त्या मिनिटांत आपण नेमके काय गमावतो?

याचे उत्तर परिसंस्थेच्या अभ्यासातून मिळते. सजीव आणि त्यांच्याभोवतीची माती, पाणी, हवा व प्रकाश यांच्या एकत्रित व्यवस्थेला परिसंस्था म्हणतात. ही संकल्पना आर्थर टान्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1935 मध्ये मांडली. हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशापासून अन्न बनवतात, म्हणून त्या उत्पादक होत. पान खाणारी अळी, अळी खाणारा बेडूक, बेडूक गिळणारा साप हे भक्षक. मृत अवशेष कुजवणारे जिवाणू व बुरशी हे विघटक.

अमेरिकेतील रेमंड लिंडमन यांनी 1942 मध्ये एका तळ्याच्या अभ्यासातून दाखवून दिले की, अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर ऊर्जा घटत जाते. ढोबळमानाने दहावा हिस्साच पुढे पोहोचतो. पिकात 10,000 एकक ऊर्जा असेल, तर अळीकडे 1,000, बेडकाकडे 100 आणि सापाकडे केवळ 10 एकक येते. उरलेली बरीचशी ऊर्जा श्वसनात खर्चून उष्णतेच्या रूपाने निघून जाते व परत येत नाही. म्हणूनच शिवारात अळ्या असंख्य, साप मात्र मोजके असतात. नत्र, स्फुरद, पालाश ही द्रव्ये मात्र मातीतून पिकात व पिकातून पुन्हा मातीत फिरत राहतात. हे चक्र फिरवण्याचे काम विघटक करतात आणि त्यांना लागणारी ऊर्जा पाचटासारख्या अवशेषांतूनच मिळते.

एका हेक्टरमध्ये साधारण 8 ते 10 टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, म्हणजे 40 ते 50 किलो, असते. पाचट पेटवले की यातील बहुतांश नत्र व सेंद्रिय कर्ब हवेत जातो. राखेत पालाश उरते. परंतु मातीतील सूक्ष्मजीवांची शिदोरी जळून गेलेली असते.

शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. मजूर मिळत नाहीत, पाचटामुळे पाणी देणे कठीण होते. तरीही खोडव्यासाठी एक मार्ग आहे. बुडखे जमिनीलगत छाटावेत, पाचट सरीत दाबून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट व पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत. युरिया कशासाठी? पाचटात कर्ब भरपूर व नत्र अल्प असल्याने सूक्ष्मजीव आरंभी मातीतलेच नत्र घेतात आणि पीक पिवळे पडते. बाहेरून दिलेले नत्र ही तूट भरून काढते. शिवाय पाचटाच्या आच्छादनाने जमिनीतील ओल टिकते, तणही कमी उगवते.

सूर्य उद्या पुन्हा उगवेल. परंतु आज पानात साठलेली ऊर्जा एकदाच वापरता येते. ती धुरात घालवावी की मातीच्या मुखी द्यावी, हा निर्णय मात्र आपल्या हाती आहे.