केंटे छापत नाहीत, विणतात

हेडफोन लावलेत? मग आज एका कापडाबद्दल बोलूया. तुम्ही ते बहुतेक पाहिलंय, नाव कदाचित माहीत नसेल. पिवळा, हिरवा, लाल, काळा असे भडक रंग आणि चौकोनाला चौकोन लागलेला. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या पदवीदानाच्या रील्समध्ये गळ्यात रंगीत उपरण्यासारखं काहीतरी दिसतं ना, तेच. त्याचं नाव केंटे, आणि ते मूळचं पश्चिम आफ्रिकेतल्या घानाचं.

आता गंमत अशी, की जगभर केंटे म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं कारखान्यात छापलेलं असतं. मग खरं केंटे म्हणजे काय?

घानात कुमासी नावाचं मोठं शहर आहे, असांते लोकांची जुनी राजधानी. त्याच्या जवळ बोनवायर हे विणकरांचं गाव. तिथे एक गोष्ट सांगतात. दोन भाऊ शिकारीला गेले, त्यांना जाळं विणणारा कोळी दिसला, आणि त्याचं बघून ते विणायला शिकले. ही झाली दंतकथा. पण विणकरांची दुसरी मोठी परंपरा एवे लोकांची, घानाच्या पूर्वेकडची. त्यांच्या कापडात प्राणी, माणसं, वस्तू अशी चित्रंही विणलेली दिसतात.

आता माग कसा चालतो ते डोळ्यांसमोर आणा. विणकर लाकडी चौकटीत बसलेला. उभे धागे त्याच्या समोर लांबवर ताणलेले, आणि त्यांच्या टोकाला वजन म्हणून दगड बांधलेला. दोऱ्या पायाच्या बोटांत धरून तो धागे वर-खाली करतो आणि हाताने धोटा फेकतो. या मागावर कापड निघतं जेमतेम चार इंच रुंद! म्हणजे एक लांबच लांब पट्टी. अशा वीस-चोवीस पट्ट्या कडेला कड लावून शिवल्या, की पुरुषाचं एक मोठं वस्त्र तयार होतं. पट्ट्या जोडल्यावर चौकोन बरोबर जुळले पाहिजेत. म्हणजे पहिली पट्टी विणताना शेवटची डोक्यात हवी. नक्षी अवघड असेल तर एका वस्त्राला महिनेही लागतात.

रेशीम कुठून यायचं? 18व्या शतकात असांते दरबारासाठी युरोपातून आलेलं रेशमी कापड चक्क उसवायचे आणि ते धागे घेऊन पुन्हा स्वतःच्या नक्षीत विणायचे.

आणि या नक्ष्यांना नावं असतात. एका प्रसिद्ध नक्षीचं नाव आहे ‘आद्विनासा’, म्हणजे साधारण ‘सगळ्या नक्ष्या संपल्या’. विणकराला जेवढं येत होतं तेवढं त्याने यात घातलं! दुसरी गोष्ट तर आणखी भारी आहे. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी फातिया या इजिप्शियन मुलीशी लग्न केलं. तेव्हा एका केंटेला नाव मिळालं, ‘फातिया एन्क्रुमाला शोभते’. 1966 मध्ये एन्क्रुमांची सत्ता उलथली. कापड तेच राहिलं, नाव बदललं. नवीन नाव, ‘एकटा माणूस देश चालवत नाही’. म्हणजे राजकारणावरची कॉमेंट थेट अंगावर!

आता छापील केंटेकडे येऊ. ते स्वस्त आहे, हलकं आहे, रोज वापरता येतं. घानातले साधे लोकही ते घेतात, आणि त्यात काही गैर नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा विणकराची नक्षी परदेशातला कारखाना उचलतो, छापतो, आणि तोच माल घानाच्या बाजारात विणलेल्या कापडाशेजारी येऊन बसतो. महिनाभर मागावर बसलेल्या माणसाने त्या किमतीशी स्पर्धा कशी करायची?

घानाने प्रयत्न केलेत. 1985 च्या कॉपीराइट कायद्यात पारंपरिक नक्ष्यांना लोककला म्हणून संरक्षण दिलं. 2005 च्या कायद्यात हे हक्क जनतेच्या वतीने राष्ट्राध्यक्षांकडे ठेवले. पण देशाचा कायदा सीमेवर संपतो. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने केंटे विणकामाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. 2025 मध्ये घानात केंटेला जीआय टॅग मिळाला, आपल्या पैठणीला आणि हापूसला आहे तसा. पण जीआय राखतो ते नाव. ‘केंटेसारखी’ नक्षी छापणाऱ्याचा हात त्याने आपोआप थांबत नाही.

मोठी फॅशनही यात आहे. 2021 च्या सुरुवातीला व्हर्जिल अबलोह या डिझायनरने लुई व्हितॉनच्या पुरुषांच्या कलेक्शनमध्ये केंटे आणलं, घानात नेसतात तसं खांद्यावरून गुंडाळून. त्याचे आईवडील घानाचेच, त्यामुळे त्याच्यासाठी ही घरातली गोष्ट होती. पण त्या नक्षीत ब्रँडची चिन्हंही होती. मग प्रश्न उरतोच. रॅम्पवर नाव गाजलं, पण मागावर बसलेल्याच्या हातात काय पडलं?

शेवटी कामाची गोष्ट. ऑनलाइन केंटे दिसलं तर तीन गोष्टी बघा. एक, उलट्या बाजूचा फोटो मागा. छापील कापड मागून फिकं असतं, विणलेल्यात रंग मागेही भरलेले असतात. दोन, दर चार इंचांवर शिवण आहे का बघा. एकच रुंद, सलग कापड असेल तर ते त्या मागावरचं नाही. तीन, कुठल्या गावात विणलं ते विचारा. खऱ्या विक्रेत्याला हे सांगायला आवडतं.

आणि छापीलच घ्यायचं असेल तर बिनधास्त घ्या. फक्त त्याला छापील म्हणा. ‘हातमागाचं’ हा शब्द त्या दगड बांधलेल्या धाग्यांसमोर बसलेल्या माणसासाठी राखून ठेवूया.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर अंगावरच्या कपड्याची उलटी बाजू एकदा बघून घ्या!