कच्ची साखर आणि शेजारची गिऱ्हाइके



"साखर परदेशी गेली तर आमच्या बिलात काय पडतंय?" हा प्रश्न गटसभेत हमखास निघतो. सरळ हिशेब करू. समजा, गोदामात एक लाख क्विंटल साखर पडून आहे आणि भाव क्विंटलला ३१०० रुपये धरला. म्हणजे ३१ कोटींचा माल. त्यावर दहा टक्के व्याज धरले तर महिन्याला जवळजवळ २६ लाख रुपये नुसत्या व्याजात जातात. उसाचे पैसे कायद्याने चौदा दिवसांत द्यायचे. साखर मात्र दर महिन्याला जेवढा कोटा सुटेल तेवढीच विकायची. मधले दिवस तारण कर्जावर काढायचे. माल हंगामातच बोटीवर चढला तर हे व्याज वाचते.

आता घेणारे कोण? श्रीलंकेला लागणारी बहुतेक साखर बाहेरूनच येते. बांगलादेशातल्या रिफायनऱ्या कच्ची साखर घेतात. इंडोनेशियाही घेतो, आणि निकोबारच्या टोकावरून तो देश काही फार लांब नाही. या सगळ्यांना साखर पुरवणारा मोठा व्यापारी म्हणजे ब्राझील. पण त्याच्या मुख्य भागातले गाळप साधारण एप्रिल ते नोव्हेंबर चालते आणि बोटीला महिनाभर लागतो. आपले गाळप त्याच्या उलट्या वेळेला. म्हणून जानेवारी ते एप्रिल हे चार महिने आपले. ते हुकले की ब्राझीलचा नवा माल येतो आणि आपल्याला कोणी विचारत नाही.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कच्ची साखर म्हणजे खराब साखर नव्हे. रसात गंधक न घालता फक्त चुन्याने रस निवळून ती काढतात, गंधकाचा खर्च वाचतो आणि पुढे रिफायनरीत ती पांढरी होते. पण कच्ची करायची की पांढरी, हे गाळप चालू असतानाच ठरवावे लागते. गोदामातली पांढरी पोती मागाहून कच्ची करता येत नाहीत.

साखरेचा रंग मोजायचे जागतिक माप म्हणजे इकुमसा. आकडा लहान तितकी साखर पांढरी. गंमत अशी, की इंडोनेशियात रिफायनरीसाठी आणायच्या साखरेचा रंग १२०० च्या खाली चालत नसे. आपली कच्ची साखर त्याहून स्वच्छ, म्हणून ती दारातच अडे! दोन्ही सरकारे बोलली. आपण त्यांचे पामतेल घेतो, ही गोष्टही त्यात कामी आली. २०२० च्या सुमारास ही अट ६०० वर आली, आयात कर ५ टक्क्यांवर आला आणि २०२०-२१ च्या हंगामात इंडोनेशिया आपले सर्वांत मोठे गिऱ्हाईक ठरले. नुसता माल चांगला असून भागत नाही, तो समोरच्याच्या नियमात बसावा लागतो.

गिऱ्हाईक टिकवणे मात्र आपल्याला जमले नाही. २०२१-२२ मध्ये देशातून सुमारे ११० लाख टन साखर गेली. जून २०२२ पासून निर्बंध आले आणि २०२३-२४ च्या हंगामात निर्यातीला कोटाच मिळाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये १० लाख टनांची परवानगी आली, तोवर निम्मा हंगाम उलटत आला होता. देशात साखर कमी पडू नये ही सरकारची काळजी आम्हाला मान्य आहे. पण निर्णय गाळपाच्या आधी व्हावा, एवढे म्हणणे रास्त आहे. शेजाऱ्याचीही अडचण असते. २०२२ मध्ये श्रीलंकेकडे परकीय चलनच उरले नव्हते. अन्न-औषधांसाठी भारताने एक अब्ज डॉलरची उधारी दिली. म्हणून बँकेची हमी हाती आल्याशिवाय माल हलवू नये, हेच बरे.

राहिला आपल्या हातातला भाग. परदेशी खरेदीदार कच्च्या साखरेत डेक्स्ट्रान तपासतो. शिळ्या आणि जळीत उसात जंतू वाढून हा चिकट पदार्थ होतो आणि तो जास्त निघाला तर भाव कापला जातो. ऊस फडात दोन-तीन दिवस पडला, की त्याचे वजन घटते, उतारा घटतो आणि वर हेही. तेव्हा वाहन ठरल्याशिवाय टोळीला कोयता लावू देऊ नये, आणि ऊस जळाला तर त्याच दिवशी गट ऑफिसला वर्दी द्यावी.