लाटेचा अंदाज हैदराबादहून येतो, भावाचा कुठून येणार?



आपल्या मोबाईलवर लाटांचा जो इशारा येतो, तो कुठून येतो माहीत आहे? हैदराबादहून. जिथे समुद्रच नाही तिथून! तिथे इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था १९९९ पासून आहे. उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा बघून मासळी कुठे मिळू शकेल तेही ती सांगते, आणि मराठीत सांगते. २००४च्या त्सुनामीनंतर, २००७ साली त्सुनामीचा इशारा देणारं केंद्रही तिथेच सुरू झालं.

आपले आजे वारा, पाण्याचा रंग आणि पाखरं बघून बोट लोटायचे. अंदाज चुकला तर माणूस जायचा. आज ती भीती संपली नाही, पण कमी झाली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडला धडकलं तेव्हा इशारा आधी आला होता. घरं, नारळी-पोफळी गेल्या, पण बोटी समुद्रात नव्हत्या.

मग तरी आपल्याला झोप का लागत नाही? कारण भीतीने जागा बदलली.

मार्च २०२२ आठवा. युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि घाऊक डिझेल लिटरमागे २५ रुपयांनी वाढलं. मुंबईत रस्त्यावरच्या पंपावर ९४ रुपये आणि घाऊक दर १२२! मच्छीमार सोसायट्यांच्या पंपांना हाच घाऊक दर लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, कोळंबीवाले धास्तावले. यात आपली काय चूक होती? काहीच नाही. पण फटका आपल्याला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बँकेचा हप्ता मात्र बंद नसतो. आणि फेरी तोट्यात गेली की हिश्श्यावर काम करणाऱ्या खलाशाच्या घरी काय जातं, ते त्याच्या बायकोला विचारा.

म्हणून पोरं म्हणतात, दर्या नको, शहरात नोकरी बरी. त्यांचं चूक नाही. पण शहरातही बघा. त्याच हैदराबादेत हजारो पोरं मोबाईलवर ऑर्डर घेऊन मोटारसायकलवर फिरतात. पगार ठरलेला नाही, काम मिळेल तेवढे पैसे, पेट्रोल स्वतःचं. डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणा सरकारने त्यांच्यासाठी ५ लाखांचा अपघात विमा जाहीर केला. म्हणजे जोखीम तिथेही आहे, फक्त लाटा दिसत नाहीत.

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो.

पहिलं, विमा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा आहे. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व असल्यास अडीच लाख, दवाखान्यासाठी २५ हजारांपर्यंत. हप्ता सरकार भरतं, आपल्याला एक रुपया नाही. हे कामही हैदराबादच्याच राष्ट्रीय मत्स्यविकास मंडळाकडे आहे, ते माशाच्या आकाराच्या इमारतीतलं ऑफिस. पण यादीत नाव नसेल तर योजना कागदावरच राहते. नाखवा मंडळींनी आपलं नाव घातलं असेल, पण खलाशाचं? तो परराज्यातला असला तरी आपल्याच बोटीवर जीव घालतो. त्याच्या नावाची चौकशी आपणच करायची.

दुसरं, उचल. व्यापाऱ्याची उचल घेतली की मासळीचा भाव तोच ठरवतो. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू आहे. बँक फेऱ्या मारायला लावते हे खरं, पण एकेकट्याने जाण्यापेक्षा सोसायटीमार्फत दहा जण मिळून गेलो तर ऐकावं लागतं.

डिझेलचा आणि अमेरिकेचा इशारा देणारं केंद्र कुठेच नाही. तेवढं आपणच एकमेकांना सांभाळायचं. या आठवड्यात प्रत्येक बोटीने आपल्या सगळ्या खलाशांची नावं, आधार आणि वारसाचं नाव ऑफिसात आणून द्यावं. ज्यांचं राहिलंय त्यांना ही पोस्ट पाठवा.

आपला,
सचिव