दारची पपई : ताटात भरपूर, तापात जपून



१ जूनपासून बंदी लागली. ट्रॉलर धक्क्याला, होड्या ताडपत्रीखाली आणि जाळ्यांची डागडुजी ओसरीवर. ३१ जुलैपर्यंतच्या या ६१ दिवसांत परसात नजर टाकायला जरा सवड मिळते. म्हणून आज मासळी नव्हे, पपई. गेल्या वर्षीच्या एका प्रसंगामुळे हा विषय आमच्या मनात घर करून आहे. तो पुढे सांगतो. आधी झाडाचं बघू.

पपई मूळची मध्य अमेरिकेकडची. पोर्तुगीजांच्या काळात समुद्रमार्गेच इकडे आली आणि आपलीच होऊन गेली. लावल्यापासून साधारण नऊ-दहा महिन्यांत फळ हाती येतं. मात्र तिला दोन गोष्टी सोसत नाहीत : मुळाशी साचलेलं पाणी आणि खारेपणा. एक-दोन दिवस पाणी तुंबलं तरी बुंधा कुजतो. म्हणून ऐन पावसात रोप जमिनीत लावू नका. ऑगस्टमध्ये पिशवीत बी टाका. बियांवरचं बुळबुळीत आवरण चोळून धुवा, सावलीत सुकवा, मग पेरा. पाऊस ओसरला की सप्टेंबरअखेर उंचवट्यावर लावा. दोन झाडांमध्ये सहा फूट अंतर ठेवा.

साध्या बियांची असतील तर एका खड्ड्यात तीन रोपं लावा. कारण फुलं आल्याशिवाय नर-मादी कळत नाही. लांब लोंबत्या दांड्यांवर फुलांचे घोस आले तर ते नर, त्याला फळ नाही. आठ-दहा मादी झाडांमागे एखादा नर पुरे, बाकीचे काढून टाका. रेड लेडीसारख्या जातीत ही भानगड नाही, पण तिचं बी दर वेळी विकत घ्यावं लागतं. घरच्या फळाच्या बियांतून तसंच झाड येत नाही. आणि एक, खारवलेल्या मासळीचं पाणी किंवा कचरा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. ताजा मासळी-कचरा खड्ड्यात नीट कुजवून घातलात तर उत्तम खत.

आता ताटातली पपई. पिकलेल्या १०० ग्रॅम पपईत साधारण ६० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, म्हणजे संत्र्याच्या तोडीचं. बंदीत भाजी महागते, तेव्हा कच्ची पपई किसून, ओलं खोबरं आणि मूठभर सुका जवळा घालून केलेली भाजी दोन वेळा पुरते. मटण निबर असेल तर कच्च्या पपईच्या दोन फोडी घाला. तिच्या चिकातलं पपेन मांस मऊ करतं. मासळीला मात्र हा प्रयोग नको, तुकड्यांचा लगदा होईल. गरोदर बायांनी कच्ची आणि अर्धकच्ची पपई खाऊ नये, पूर्ण पिकलेली चालते. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावी.

आता तो प्रसंग. गेल्या ऑगस्टमध्ये बंदी उठली आणि आठवड्याभरातच आमच्या एका ट्रॉलरवरच्या खलाशाला ताप भरला. कुणीतरी पपईच्या पानांचा रस सांगितला. तीन दिवस रस पाजला. चौथ्या दिवशी ताप उतरला. "रसानं काम केलं," असं आपण सगळेच म्हणालो, आम्हीही. पोरगा बोटीवर चढायला निघाला आणि पोट धरून बसला. उलट्या थांबेनात. हात-पाय गार. इस्पितळात नेल्यावर डेंग्यू निघाला. पोरगा वाचला. पण त्या रात्री बोट खोल पाण्यात असती तर?

मंडळी, डेंग्यूचा धोका ताप चढलेला असतानाच नव्हे, ताप उतरताना जास्त असतो. पानांच्या रसानं प्लेटलेट लवकर वाढतात असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. पण रसामुळे आजार गंभीर होणं टळतं, जीव वाचतो, याचा भक्कम पुरावा नाही. पुन्हा, तो कडू रस पिऊन उलट्या झाल्या तर डेंग्यूच्या उलट्या कुठल्या आणि रसाच्या कुठल्या, ते कळत नाही. म्हणून एवढं पक्कं लक्षात ठेवा :

• दोन दिवस ताप राहिला की रक्त तपासा. रस पाजून वाट बघू नका.
• तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, रक्तस्राव वाढतो.
• पाणी, पेज, शहाळं, जलसंजीवनी देत राहा.
• पोटात कळ, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अस्वस्थपणा, गार पडलेले हात-पाय यांपैकी काहीही दिसलं तर तडक इस्पितळ.
• तापातून उठलेल्या माणसाला निदान दोन दिवस बोटीवर नेऊ नका. तांडेलांनी आणि बोटमालकांनी हे मनावर घ्यावं.

आणि डास कुठून येतात? आपल्याच दारातून. होडीवरच्या ताडपत्रीच्या घड्या, धक्क्याला लावलेले टायर, रिकामे क्रेट, बर्फाच्या पेट्या, उघडी पिंपं. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास उडतात. म्हणून आठवड्यातून एकदा सगळं उपडं करा. टायरांना खालून भोक पाडा. जाळी शिवायला बसण्याआधी हे अर्ध्या तासाचं काम.

पपई लावाच. पोरांना पिकलेली द्या, शेजाऱ्याला एक फळ द्या. पण तापाचा माणूस घरात असेल तर पानं झाडावरच राहू द्या आणि रिक्षा बोलवा.

तुमच्या परसातली पपई कशी आहे, कोणती जात टिकली, खाली लिहा. आणि हा मजकूर आपल्या बोटीवरच्या ग्रुपवर जरूर पाठवा, खलाशी परत यायच्या आधी.