हिरव्या रंगाच्या दोन छटा

घर रंगवावयाचें ठरलें कीं रंगारी शेडकार्ड आणून देतो. मग हिरवा रंग सर्वांना मान्य होतो, पण वाद दोन छटांवर येऊन अडतो. एक पोपटीकडे झुकणारी, दुसरी मोरपिशी, निळसर. खोली आजीची असेल तर हा वाद क्षुल्लक समजूं नये. तिचा बहुतेक दिवस त्याच चार भिंतींत जावयाचा असतो.

कार्डावरचा चौकोन बोटभर असतो. भिंती मात्र चार, आणि एकीवरचा उजेड दुसरीवर पडून पुन्हा परततो. या येरझाऱ्यांत रंग गडद होत जातो. म्हणून मनास भरलेल्या छटेहून एक पायरी फिकी घ्यावी, असें माझें मत आहे. दोन्ही नमुने शेजारींशेजारीं धरून निवड करूं नये. निळसर हिरव्याजवळ पोपटी रंग आहे त्याहून पिवळा दिसतो. फ्रान्समधील शेव्रल या रसायनशास्त्रज्ञानें १८३९ सालीं शेजारच्या रंगांच्या या परिणामावर मोठा ग्रंथच लिहिला.

दिवसा उत्तरेच्या खिडकींतून येणारा उजेड निळसर असतो, पिवळ्या दिव्याचा तसा नसतो. त्यामुळें मोरपिशी छटा रात्रीं मलूल होते, तर पोपटी खुलते. मात्र गडद पोपटी भिंतीजवळ बसलेल्या माणसाचा चेहरा उगाच आजारी वाटतो, हेंही ध्यानांत असावें.

आतां मुख्य गोष्ट. वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिवळसर होतें व निळा प्रकाश अडवूं लागतें. नातीला प्रसन्न वाटणारी निळसर छटा आजीला मळकट वाटूं शकते. मोतीबिंदू काढल्यावर तेच निळे रंग एकदम उजळ दिसूं लागतात. शस्त्रक्रिया ठरली असेल तर रंगाची निवड तीनंतरच करावी.

दोन हात लांबीच्या दोन पुठ्ठ्यांस एकेका छटेचे दोन हात द्यावे. हल्लींचा इमल्शन रंग ओला असतां फिका दिसतो, वाळल्यावर गडद होतो. म्हणून घाई करूं नये. मग एकेक पुठ्ठा आजीच्या अंथरुणावरून दिसेल असा भिंतीस टेकवावा आणि सकाळीं, तिसऱ्या प्रहरीं व दिवेलागणीनंतर तिलाच विचारावें. नातवंडांना आपापल्या खोल्या आहेतच.