पाऊस नाशिकला, कांदा महाग दुबईत

मित्रांनो, वाचायला सुरुवात करण्याआधी एक काम करा. स्वयंपाकघरात जा आणि कांद्यांची टोपली बघून या. किती कांदे आहेत? पोहे, आमटी, भाजी, कोशिंबीर... कांद्याशिवाय बऱ्याच मराठी घरांचं पान हलत नाही. म्हणून कांदा महागला की घरात लगेच कळतं.

पण कांदा महागतो कसा? दुकानदार सकाळी उठून मनाला येईल तो भाव लावतो का? नाही. त्यामागे बऱ्याचदा हवामान असतं. २०२३ साली काय घडलं, ते बघू या.

कांद्याचं वेळापत्रक

नाशिक जिल्ह्यात लासलगाव नावाचं गाव आहे. तिथला कांद्याचा बाजार आशियातला सगळ्यात मोठा मानला जातो. शेतकरी ट्रॅक्टर भरून कांदा आणतात आणि त्याचा लिलाव होतो. म्हणजे व्यापारी बोली लावतात. जो सगळ्यात जास्त भाव देतो, त्याला माल मिळतो. हा भाव क्विंटलचा, म्हणजे १०० किलोंचा असतो.

आता दोन प्रकारचे कांदे लक्षात ठेवा. उन्हाळी कांदा साधारण मार्च ते मे या काळात काढतात. तो टिकाऊ असतो. शेतकरी तो चाळीत साठवतात. ही चाळ म्हणजे मुंबईतली माणसांची चाळ नव्हे हं! ही जमिनीपासून थोडी उंच, फटी असलेली लांबट शेड असते. आत वारा खेळत राहतो, त्यामुळे कांदा लवकर सडत नाही. हा साठा ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पुरवायचा असतो.

दुसरा पावसाळी लाल कांदा. तो दिवाळीच्या आसपास बाजारात यायला लागतो. तो फार टिकत नाही, लगेच विकावा लागतो.

रिले शर्यतीत एक खेळाडू दुसऱ्याच्या हातात काठी देतो, तसंच हे आहे. जुना कांदा संपत येतो, तेव्हा नवा यायला हवा. नव्याला उशीर झाला, तर?

२०२३ मध्ये काय झालं?

त्या वर्षी नेमका उशीर झाला. भारतात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट २०२३ मध्ये होता. पाऊस नाही, म्हणून कांद्याची लावणी लांबली. मग नोव्हेंबरच्या शेवटी, पाऊस नको असताना, नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आला. गाराही पडल्या. शेतात पाणी साचलं की कांदा जमिनीतच सडायला लागतो. म्हणजे आधी पाणी कमी, नंतर पाणी नको तेव्हा.

माल थोडा कमी झाला तरी भाव एवढा का वाढतो? समजा, एका गावात १०० घरं आहेत आणि रोज १०० किलो कांदा लागतो. एके दिवशी ८० किलोच आला. मग २० घरं गप्प बसतील का? नाही. काही जण म्हणतील, ‘दोन रुपये जास्त घ्या, पण मला द्या.’ असं करत भाव चढतो. नवीन कांदा लगेच पिकवताही येत नाही. रोप लावल्यापासून कांदा काढेपर्यंत तीन-चार महिने लागतात.

मग दुबईत का महागला?

देशातले भाव खाली यावेत म्हणून भारत सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. निर्यात म्हणजे माल परदेशात विकणं. दुबईतल्या दुकानांत भारतातून भरपूर कांदा जातो. तो येईनासा झाला आणि तिथे भाव चढले. ही बंदी ४ मे २०२४ रोजी उठली.

न्यू जर्सीतल्या मुलांना मात्र हे जाणवलं नसेल. कारण अमेरिकेत बहुतेक कांदा तिथलाच मिळतो. पण तांदूळ आठवतोय का? जुलै २०२३ मध्ये भारताने बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. तेव्हा अमेरिकेतल्या भारतीय दुकानांसमोर रांगा लागल्या होत्या. आणि इंग्लंडमधल्या मुलांनो, फेब्रुवारी २०२३ मध्ये काही सुपरमार्केटमध्ये टोमॅटोची तीनच पाकिटं घेता येत होती. त्याचं एक मोठं कारण म्हणजे स्पेन आणि मोरोक्कोमधलं खराब हवामान.

नुकसान कोणाचं?

एका घरात महिन्याला पाच किलो कांदा लागतो असं समजू. भाव ३० रुपये किलो असेल, तर खर्च १५० रुपये. भाव ८० झाला, तर ४०० रुपये. म्हणजे २५० रुपये जास्त. ज्यांच्याकडे भरपूर पैसे आहेत, त्यांना हे फारसं जाणवत नाही. पण २०२२-२३ च्या सरकारी पाहणीनुसार भारतातल्या खेड्यांत घरखर्चाचा सुमारे ४६ टक्के भाग खाण्यावर जातो, तर शहरांत सुमारे ३९ टक्के. गरीब घरात तर कांद्याचे जास्तीचे पैसे दुधातून किंवा डाळीतून वाचवावे लागतात.

मग शेतकऱ्याची चांदी होते का? ज्याचा कांदा सडला, त्याच्याकडे विकायलाच काही नसतं. ज्याचा वाचला, त्याला चार पैसे जास्त मिळायची आशा असते. पण निर्यातबंदी आली आणि लिलावातले भाव कोसळले. नाशिक जिल्ह्यातले शेतकरी रस्त्यावर उतरले. काही ठिकाणी लिलावही बंद पडले. ‘महाग झाला की बंदी घालता, मग स्वस्त होतो तेव्हा आमचं काय?’ असा त्यांचा प्रश्न होता. शहरातल्या गरीब घराची अडचणही तितकीच खरी होती.

आता तुम्ही सांगा

१. उन्हाळी कांदा आणि लाल कांदा यांत काय फरक आहे?
२. घरातल्या कांद्याची किंवा तांदळाची पिशवी बघा. तो कुठून आलाय?
३. आजी-आजोबांना फोन करून विचारा, ‘तुमच्याकडे आज कांदा काय भाव आहे?’ उत्तर वहीत लिहा. एक महिन्याने पुन्हा विचारा.
४. तुम्ही सरकारमध्ये असता, तर निर्यात थांबवली असती का? पाच वाक्यांत लिहा. शेतकरी आणि गिऱ्हाईक, दोघांचाही विचार करा.