शहराशेजारचे खेडे आणि त्याची सभा

१७८९ च्या क्रांतीने फ्रान्समधल्या लहानमोठ्या प्रत्येक गावाला स्वतःची निवडलेली सभा आणि प्रमुख दिला. त्या गावसंस्थेला तेथे ‘कम्यून’ म्हणतात. आजही त्या सुमारे ३५ हजार आहेत. निम्म्याहून अधिकांची वस्ती पाचशेच्या आत. शेजारी मोठे शहर आहे म्हणून गाव त्यात विरघळत नाही. जन्ममृत्यूची नोंद आणि कायदेशीर लग्नसुद्धा गावच्याच कचेरीत.

आता आपल्या देगलूरजवळचे होट्टल घ्या. चालुक्यकालीन सिद्धेश्वराचे देऊळ पाहायला आपण जातो, ग्रामपंचायतीकडे मात्र ढुंकूनही पाहत नाही. निजामी अमलात गावकारभार वतनदार पाटील-पटवाऱ्यांच्या हाती असे. पुढे १९५८ च्या कायद्याने ग्रामसभा आली. तिच्या गणपूर्तीला शेकडा १५ मतदार किंवा १०० जण, यांत कमी असेल तेवढे लागतात. खरी मेख पुढेच आहे. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही!

सभा दिवसा ठेवली की मजूर दुसऱ्याच्या शेतात नाही तर अडतीवर हमालीला. रोज बुडवून कोण येणार? मग रोजगार हमीची कामे मूठभरांत ठरतात. हमालांच्या बैठका आम्ही रात्री घेतो, बाजाराचा वार टाळून. ग्रामसभेची वेळही तशीच हवी, असा अर्ज मजुरांनी सरपंचाकडे द्यावा आणि पोच घ्यावी.